कितीपैकी किती?

लसीकरण मोहीम संपली की एक आकडा बाहेर पडतो: इतक्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचली. तो पेपरात येतो, बैठकीत वाचला जातो, पुढच्या वर्षीच्या मागणीपत्रावर चढतो. पण सोलापुरात रेबीज कमी होणार की नाही, हे त्यावरून काहीच कळत नाही, कारण तो नुसता अंश आहे. छेद कुठाय? टोचलेली किती ते सांगितलं, मुळात होती किती ते कुणी मोजलंच नाही. रेबीजच्या साथीचा अभ्यास म्हणजे प्रयोगशाळा आणि सूक्ष्मदर्शक असं चित्र डोळ्यासमोर येतं. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक वेळ हा छेद शोधण्यात जातो, आणि तो सापडतो गल्लीबोळात, भल्या पहाटे.

आधी हिशेब. एक पिसाळलेलं कुत्रं मरण्याआधी सरासरी किती कुत्र्यांना रेबीज देऊन जातं, यावर पुढचं सगळं उभं आहे. केटी हॅम्पसन, सारा क्लीव्हलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियात सेरेंगेटीच्या आसपासच्या गावांत एकेका चाव्याचा माग काढला, कोण कुणाला चावलं याच्या साखळ्या जोडल्या. २००९ साली छापलेल्या त्या अभ्यासात हा आकडा एक आणि दोन यांच्या मधेच निघाला. गोवराच्या मानाने हे काहीच नाही. दीड धरला, तर शंभरातल्या ३४ कुत्र्यांना प्रतिकारशक्ती असली की साखळी तुटायला हवी. मग जागतिक आरोग्य संघटना ७० टक्के का सांगते? कारण टोचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो टक्का घसरायला लागतो. रस्त्यावरचं कुत्रं फार जगत नाही. समजा, शंभरातली ४० वर्षभरात मेली आणि त्यांच्या जागी ४० पिल्लं आली. सुरुवातीला ७० टोचलेली असतील तर वर्षअखेर ४२ उरतात, म्हणजे भागतं. सुरुवात ५० ने केली असेल तर उरतात ३०, आणि शेवटचे दोनेक महिने रेबीजला दार उघडं.

कुत्री मारून किंवा उचलून नेऊन हेच साधेल असं वाटणारे प्रत्येक बैठकीत भेटतात. इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर १९९० च्या दशकाअखेर मोठ्या प्रमाणावर कुत्री मारली, रेबीज तिथेच राहिला. मारलेल्यांत टोचलेलीही जातात, आणि रिकाम्या जागी येणारी नवी कुत्री कोरी, म्हणजे न टोचलेली, असतात. म्हणजे अंशही घटतो आणि टक्काही. नसबंदीने पिल्लांचा ओघ कमी होतो, म्हणून घसरण मंदावते. तिचा उपयोग तेवढाच, पण तो खरा आहे. लसीऐवजी नसबंदी हा हिशेब मात्र बसत नाही.

महिना कुठला निवडायचा? भाद्रपदातल्या कुत्र्यांचा वाक्प्रचार उगाच पडलेला नाही. माजाचा मोठा हंगाम पावसाळ्याच्या शेवटी, गाभणकाळ सुमारे ६३ दिवसांचा, म्हणजे पिल्लं दिवाळीपासून थंडीभर. दिवाळीआधी मोहीम उरकली तर त्यानंतर जन्मलेलं प्रत्येक पिल्लू कोरं राहतं. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. होम मैदानावर खाण्याचे स्टॉल लागले की आजूबाजूच्या पेठांतली कुत्री तिकडे सरकतात आणि मोजणीचा बट्ट्याबोळ होतो. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर, नऊ वाजता कुत्री गटारात आणि ट्रकखाली. उरतो फेब्रुवारी. आणि तोही होळी यायच्या आत संपवायचा, त्याचं कारण पुढे येईल.

मोजणीसाठी प्रभागांचे नकाशे चालत नाहीत. प्रभागाची रेषा एकाच गल्लीच्या मधून जाते, आणि दोन्ही बाजूंना झोपणारी कुत्री एकच असतात. हद्द अशी घ्यायची, जी कुत्रंही सहसा ओलांडत नाही: रेल्वेचे रूळ, मोठा नाला, विजापूर रोड किंवा होटगी रोडसारखा रुंद, धावता रस्ता. अशा हद्दींमधला एक तुकडा म्हणजे एक गट. त्याचा आकार एवढाच, की दोघांनी मिळून त्यातली प्रत्येक गल्ली दीड-दोन तासांत पुरी करावी. जुळे सोलापुरात प्लॉट पाडलेल्या सरळ कॉलन्या आहेत, तिथे दुचाकीवरून दहा-पंधराच्या वेगाने जमतं. पूर्व भागात, साखर पेठ, अशोक चौकाच्या बाजूला, जिथे घराला लागून घर आणि आत यंत्रमाग, तिथे चालतच जावं लागतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत वेगळीच पंचाईत. कुत्री फाटकाच्या आत, वॉचमनच्या डब्यावर वाढलेली. रस्त्यावरून ती दिसत नाहीत, आणि रात्री मात्र हीच बाहेर असतात. तिथे आधी फाटकाफाटकावर विचारून ठेवायचं आणि ती यादी वेगळी धरायची.

वेळ सूर्योदयाच्या आसपासची. फेब्रुवारीत साडेसहाला सुरुवात, साडेआठच्या आत शेवट. घंटागाडी फिरायला लागली की कुत्री जागा सोडतात, म्हणून तिची वेळ आधी विचारून घ्यावी. तक्त्यात प्रत्येक कुत्र्यामागे एक ओळ: वेळ, नर की मादी, मोठं की पिल्लू, दूध पाजणारी आहे का, कानाला नसबंदीची खाच आहे का, गळ्यात पट्टा, आजारी दिसतं का. मोबाइलवरच्या अर्जात जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप पडतात. तरी कागदी तक्ता बरोबर असावा, कारण बॅटरी नेमकी तिसऱ्या गल्लीत संपते.

नियम कडक पाळायचे. मागे वळून मोजायचं नाही. शिट्टी वाजवायची नाही, बिस्कीट टाकायचं नाही. पुढच्या गल्लीतली कुत्री धावत येतात आणि तीच पुढे पुन्हा मोजली जातात. रविवार टाळायचा, कारण मटणाच्या दुकानांपुढे चार गल्ल्यांची कुत्री एकत्र बसतात. लग्नाच्या मांडवाजवळही तोच प्रकार. नवे लोक हमखास दोन चुका करतात. कॉलनीत कंटाळा आला की बंद टोकाच्या गल्ल्या सोडून देतात, आणि पिल्लांचं अख्खं वेत ‘एक’ म्हणून लिहितात. पहिल्या चुकीने आकडा किती कमी येतो ते पाहायचं असेल, तर तीच वाट दुसऱ्या जोडीला दुसऱ्या दिवशी चालायला लावावी. फरक पाहून दोघेही गप्प होतात.

आता लस. कुत्र्यांची रेबीज लस मृत विषाणूची असते, एका कुत्र्याला १ मिली, मग ते डॉबरमन असो की दोन किलोचं पिल्लू. मोहिमेत बहुधा दहा डोसांची कुपी वापरतात. साठवण २ ते ८ अंशांत. बाहेर राहून लस बिघडेल ही भीती सर्वांना असते, गोठून बिघडेल ही कुणालाच नसते. खरी चूक तिथेच होते. ज्या लसींत ॲल्युमिनियमचा आधार असतो त्या गोठल्या की त्याच्या गुठळ्या होतात, आणि पुन्हा वितळली तरी ती लस गेली. फ्रीजरमधून काढलेल्या कडक बर्फाच्या पिशव्या थेट कुपीला टेकवून पेटीत भरल्या की सकाळच्या पहिल्या तासात हेच घडतं. पिशव्या बाहेर ठेवायच्या, त्यांना घाम फुटेपर्यंत थांबायचं, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच पेटीत, आणि कुपी-पिशवीच्या मधे पुठ्ठा. पेटीत थर्मामीटर हवाच, आणि त्याची नोंद पेटी उघडणाऱ्यानेच दर दोन तासांनी करायची. संध्याकाळी बसून एकाच पेनाने भरलेले तापमानाचे तक्ते ओळखू येतात: सगळीकडे ४ अंश.

कुपी भरण्याआधी हलवायची, नाहीतर खाली बसलेला साका शेवटच्या दोन कुत्र्यांच्या वाट्याला येतो. फोडलेली कुपी उद्यावर ठेवायची नाही.

टोचणारे आणि धरणारे दोघांनीही स्वतः आधी लस घेतलेली असावी: ० आणि ७ व्या दिवशी, आणि तिसरा डोस २१ किंवा २८ व्या दिवशी. ज्याचे डोस पुरे नाहीत तो फक्त लिहायला बसतो. यात गय नाही.

दिवसाची सुरुवात पाळीव आणि ओळखीच्या कुत्र्यांपासून. आदल्या संध्याकाळी रिक्षावरून पुकारा. पूर्व भागात तो तेलुगूत हवा, काही पेठांत कानडीत आणि दखनीतही. मराठी पुकारा ऐकून ‘कुत्रं’ एवढा शब्द सगळ्यांना कळतो, पण ‘कुक्का’ ऐकल्यावर म्हातारी माणसं दारात येतात. मारुतीच्या पारापाशी किंवा समाजमंदिरापुढे टेबल लावलं की तासाभरात पोरं सुतळी बांधून कुत्री आणतात. ही कुत्री स्वस्तात टोचली जातात. खर्च आणि घाम लागतो तो उरलेल्यांना.

जाळीच्या पथकात पाच जण: दोन जाळीवाले, एक टोचणारा, एक रंग लावणारा, एक लिहिणारा. जाळी लांब दांड्याची, गोल कड्याची, पिशवी खोल. कुत्र्याच्या मागे धावायचं नाही. एक जण समोरून निवांत चालत येतो, कुत्रं त्याच्याकडे बघत कडेने सरकतं आणि दुसऱ्याच्या टप्प्यात येतं. जाळी वरून आदळायची नाही, पुढून ओढून घ्यायची, कडं जमिनीला टेकलं की दांडा फिरवून पिशवीला पीळ द्यायचा. टोचायचं जाळीतूनच, मांडीच्या स्नायूत; धरता येण्यासारखं कुत्रं असेल तर मानेमागच्या सैल कातडीखाली. सुई २२ किंवा २३ गेजची, प्रत्येक कुत्र्याला नवी. कातडीखाली देताना सुई चिमटीच्या आरपार जाऊन लस केसांत सांडणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. हाताला ओल लागली तर तो डोस धरायचा नाही, पुन्हा द्यायचा. पूर्ण काम पाऊण मिनिटात व्हावं. त्याहून वेळ लागला तर कुत्रं जाळी चावतं, गल्ली गोळा होते, आणि बाकीची कुत्री पुढचे चार दिवस या लोकांना पाहून पळतात. एका गल्लीत पहिलं धरायचं ते सर्वांत भुंकणारं. तेच सुटलं तर सगळ्या टोळीला सावध करतं.

तीन महिन्यांखालची पिल्लं सोडून द्या असं लसीच्या कागदावर लिहिलेलं असतं आणि कागदावर बोट ठेवून अनेक पथकं ती सोडतात. सामुदायिक मोहिमेत सगळ्या वयांना टोचावं असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. फेब्रुवारीत गल्लीत दिसणारा मोठा हिस्सा याच वयाचा असतो, आणि लहान पोरांच्या मांडीवर असतात तीही हीच.

खूण लावणं हे किरकोळ काम वाटतं. सगळा छेद त्याच्यावर उभा आहे. स्प्रेच्या डब्याचा फुस्स आवाज झाला की शांत कुत्रंही उसळतं, म्हणून मेंढ्यांना खूण करायची मेणाची जाड कांडी बरी. कपाळावर आणि पाठीवर, दोन्हीकडे. तीन-चार दिवस टिकते. लाल रंग लावला की लोकांना ते रक्त वाटतं आणि कुत्रं मारल्याची तक्रार येते. पिवळा रंग आपल्याकडच्या पिवळ्या-तांबूस कुत्र्यांवर दिसत नाही. हिरवा किंवा निळा बरा. आणि होळीचं कारण हेच: सोलापुरात रंगपंचमीला गल्लीतलं एकही कुत्रं बिनरंगाचं राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच वाट, तीच वेळ, पण माणसं वेगळी. ज्याने टोचलं त्याला खुणा जास्त दिसतात. समजा, गटात काल १२० कुत्री टोचली. आज ९० दिसली, त्यातल्या ६३ ना खूण. सरळ हिशेबाने ७० टक्के. एकूण किती, हे काढायला चॅपमनची रीत: टोचलेल्यांत एक मिळवा, दिसलेल्यांत एक मिळवा, त्यांचा गुणाकार करा, खूणवाल्यांत एक मिळवून त्याने भागा, आणि उत्तरातून एक वजा करा. १२१ गुणिले ९१, भागिले ६४, वजा १, म्हणजे १७१. हा छेद. आता समजा सहा कुत्र्यांची खूण पुसली गेली, म्हणजे ६३ ऐवजी ५७ दिसल्या. तोच हिशेब १८९ देतो आणि टक्का ६३ वर येतो. सहा कुत्र्यांच्या रंगाने १८ कुत्री हवेतून जन्माला आली. अवकाळी पावसाची एक सर आली तर त्या गटाची मोजणी रद्द समजावी.

उलटी चूक जास्त फसवी आहे, कारण ती आपल्याला बरी दाखवते. जी कुत्री माणसाळलेली, ती धरायलाही सोपी आणि दिसायलाही सोपी. जी बिचकतात, ती काल जाळीत आली नाहीत आणि आज तक्त्यातही नाहीत. दोन्हीकडून गायब. त्यामुळे ७० निघाले तर मनात ६५ धरावे. आणि शहराची सरासरी काढून समाधान मानू नये. अर्ध्या भागात ९० आणि अर्ध्यात ४० असेल तर सरासरी ६५ येते, आणि रेबीज त्या ४० वाल्या अर्ध्यात आरामात फिरत राहतो. म्हणून प्रत्येक गटाचा टक्का वेगळा, आणि ७० च्या खाली आहे तिथे त्याच आठवड्यात पुन्हा जाळी. मोहिमेतला हा सर्वांत नकोसा दिवस: सगळे दमलेले, उरलेली कुत्री सर्वांत चलाख, दिवसाला मोजकेच डोस लागतात आणि अहवालात तो दिवस वाईट दिसतो. खरी किंमत त्याच डोसांची असते.

रेबीज कुठे आहे हे मात्र कुत्री मोजून कळत नाही, त्यासाठी चावे वाचावे लागतात. सरकारी दवाखान्यातलं कुत्रं चावल्याचं रजिस्टर हा पहिला दस्तऐवज. वाचताना तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. त्यात पत्ता रुग्णाचा असतो, चाव्याच्या जागेचा नसतो. शेळगीत राहणारा माणूस नवी पेठेत चावून घेतो आणि नकाशावर ठिपका शेळगीत पडतो. दुसरं, सोमवारचा फुगवटा हा कुत्र्यांचा स्वभाव नव्हे, रविवारी ओपीडी बंद असते म्हणून. तिसरं, चावे वाढले म्हणजे रेबीज वाढला असं नाही. बहुतेक चावे निरोगी कुत्र्यांचे: पिल्लांवरची आई, माजातली भांडणं, दुचाकीमागे धावणं. शोधायचा तो वेगळाच नमुना. एकाच कुत्र्याने एका दिवसात, वेगवेगळ्या गल्ल्यांत, काही कारण नसताना तीन-चार जणांना चावलेलं. रजिस्टरात या ओळी सलग नसतात. तारीख, वेळ आणि कुत्र्याचा रंग जुळवून त्या शोधाव्या लागतात.

मग घरी जायचं. विचारायचे प्रश्न ठरलेले: कुत्रं ओळखीचं होतं का? काही न करता अंगावर आलं का? लाळ गळत होती का? आवाज बदलला होता का, घोगरा, लांबवलेला? दगड, लाकूड, टायर चावत होतं का? मागचे पाय ओढत होतं का? आज जिवंत आहे का? शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा. कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो लक्षणं दिसायच्या काही दिवस आधीपासून, आणि लक्षणं सुरू झाल्यावर ते फार दिवस टिकत नाही. म्हणून चावल्यानंतर दहा दिवस ते ठणठणीत असेल, तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. हा नियम कुत्र्या-मांजरांपुरताच. माकड, मुंगूस, कोल्हा यांना तो लावायचा नाही. ‘पाणी पीत होतं की, मग पिसाळलेलं कसं?’ असं हमखास ऐकायला मिळतं. पाण्याचं भय माणसाच्या रेबीजमध्ये असतं; पिसाळलेलं कुत्रं पाण्याला घाबरत नाही. आणि एक प्रकार जीवघेणा फसवा: कुत्रं चावत नाही, भुंकत नाही, कोपऱ्यात पडून राहतं, जबडा लोंबतो, लाळ गळते. घरच्यांना वाटतं घशात हाड अडकलंय, आणि ते तोंडात हात घालतात. चाव्याची नोंद नाही म्हणून ही माणसं कुठल्याच रजिस्टरात नसतात. घरोघर विचारलं तरच सापडतात.

या फेऱ्यांत संशोधन आणि उपचार वेगळे ठेवता येत नाहीत. साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुतली का? हे विचारलं की बहुतेकदा उत्तर हळद, चुना किंवा मिरचीपूड असं येतं. ‘सुई घेतली’ म्हणतात ती पुष्कळदा धनुर्वाताची असते. रेबीजची लस कातडीत द्यायची असेल तर दोन्ही दंडांत ०.१ मिली, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. स्नायूत असेल तर ०, ३, ७, १४, २८. कुल्ल्यात कधीच नाही. रक्त आलेल्या जखमेत, किंवा डोळ्या-तोंडाच्या ओल्या त्वचेला लाळ लागली तर, लसीबरोबर तयार प्रतिपिंडंही हवीत: घोड्याचं सीरम किलोमागे ४० एकक, माणसाचं २०, आणि तेही जखमेतच भरायचं, शक्य तेवढं. लस स्वतःची प्रतिपिंडं तयार करायला आठवडाभर तरी घेते, तेवढ्या काळापुरती ही भिंत. सीरम कमी पडतं तेव्हा ते दंडात देऊन मोकळं होण्याची चूक अजून दिसते. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती लोकांच्या मनातून गेलेली नाही, जरी मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. त्या धास्तीपायी दुसऱ्या डोसालाच माणसं गायब होतात. फोन नंबर दोन घ्यावेत, एक शेजाऱ्याचा.

संशयित कुत्रं मेलं की घड्याळ सुरू होतं. निदान मेंदूतूनच होतं, आणि उन्हाळ्यात सोलापुरात मेंदू काही तासांत पाण्यासारखा होतो. मेलेलं कुत्रं कुणी नाल्यात टाकण्याआधी कळायला हवं, म्हणून सफाई कामगारांशी ओळख ही या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट. नमुना घेण्यासाठी कवटी फोडायची गरज नाही. दुहेरी हातमोजे, चष्मा, मास्क, रबरी ॲप्रन. डोकं पुढे छातीकडे वाकवायचं, मानेच्या मागे कवटी आणि पहिला मणका यांच्या सांध्यावर आडवा छेद घ्यायचा, कवटीच्या तळाचं मोठं छिद्र उघडं पडतं. त्यातून पाच मिलीमीटर जाडीची प्लास्टिकची नळी, सरबताची चालते, डोळ्याच्या दिशेने फिरवत आत सरकवायची. नळीत क्रमाने मेंदूचा देठ, लहान मेंदू आणि पुढचा भाग येतो. बाहेर काढून नळी चिमटीत दाबत नमुना डबीत. देठाचा पूर्ण आडवा भाग यायला हवा. विषाणू कधी कधी एकाच बाजूला असतो, आणि अर्धवट तुकड्यावर ‘नाही’ असं उत्तर खोटं निघू शकतं. करवत किंवा कुऱ्हाड वापरू नये, तुषार उडतात.

डबी फॉर्मॅलिनमध्ये बुडवून पाठवणं ही शिकलेल्या माणसांची चूक. नेहमीची फ्लुरोसंट प्रतिपिंड चाचणी मग नीट करता येत नाही. बर्फावर ताजा नमुना, किंवा बर्फाची खात्री नसेल तर निम्मं ग्लिसरीन आणि निम्मं सलाइन. डबी, तिच्याभोवती शोषणारा कापूस, दुसरी घट्ट डबी, मग बर्फाची पेटी. जागा आणि हत्यारं हायपोक्लोराइटने, प्रेत खोल खड्ड्यात चुन्यासकट. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, तिथे आधी फोनवर बोलून मगच पेटी रवाना करावी. शनिवारी दुपारी निघालेली पेटी सोमवारपर्यंत कुणाच्या तरी टेबलावर बसते. पलीकडे बंगळुरूची निम्हान्स, म्हणजे मेंदू आणि मनाच्या आजारांची राष्ट्रीय संस्था आहे.

प्रयोगशाळेत काचेवर मेंदूचा ठसा घेतात, उणे २० अंशांवरच्या ॲसिटोनमध्ये पक्का करतात, चमकणाऱ्या रंगाला जोडलेली प्रतिपिंडं ३७ अंशांवर अर्धा तास त्यावर ठेवतात आणि धुऊन टाकतात. विषाणू असेल तर काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या सफरचंदाच्या रंगाचे ठिपके. जुन्या पुस्तकांतल्या निग्री पिंडांवर, म्हणजे मेंदूच्या पेशींत सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या ठिपक्यांवर, आता भिस्त ठेवू नये. ते दिसले तर रेबीज नक्की, न दिसले तर काहीच नक्की नाही. झटपट पट्टीच्या चाचणीचंही तेच: जागेवर ‘हो’ आलं तर लगेच कामाला लागा, ‘नाही’ आलं तर नमुना पाठवाच. सडलेल्या नमुन्यावर ‘आढळला नाही’ असा शेरा आला की लोक तो ‘नाही’ म्हणून वाचतात. त्याची नोंद ‘तपासण्याजोगा नव्हता’ अशीच करायची, आणि चावलेल्यांचे डोस चालू ठेवायचे.

या सगळ्या नमुन्याच्या भानगडीत का पडायचं, याचं उत्तर सोलापूरच्या उत्तरेलाच आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याभोवतालच्या गावांत अनिरुद्ध बेलसरे आणि मॅथ्यू गॉम्पर यांनी कुत्र्यांच्या संख्येचा आणि आजारांचा अभ्यास केला. तो २०१३ आणि २०१४ साली दोन शोधनिबंधांत छापून आला, दुसऱ्यात अबी वनकही होते. तिथल्या कुत्र्यांत डिस्टेंपर, पार्वो या कुत्र्यांच्या आजारांच्या विषाणूंशी संबंध येऊन गेल्याच्या खुणा भरपूर सापडल्या. डिस्टेंपर मेंदूत शिरला की कुत्रं झटके देतं, भरकटतं, लाळ गाळतं. लांबून पाहणाऱ्याला ते पिसाळलेलंच. नुसत्या लक्षणांवर मोजलं तर डिस्टेंपरच्या वर्षी रेबीज वाढलेला दिसेल.

त्याच माळरानावर खोकड आणि लांडगेही आहेत. रेबीज त्यांच्यात गेला की तो गावच्या कुत्र्यांतूनच गेलेला असतो, असं मानून काम करावं लागतं. म्हणून शहराची मोजणी महापालिकेच्या हद्दीच्या फलकाशी थांबवली तर चुकतं. बाळे, देगाव, सोरेगाव, हिप्परगा या बाजूंना शहर कुठे संपतं आणि वस्ती कुठे सुरू होते ते कुत्र्यांना माहीत नाही; मटणाची घाण आणि कोंबड्यांची पिसं जिथे टाकली जातात तिथे दोन्हीकडची एकत्र येतात. हे उकिरडे नकाशावर आधी खुणावून, त्यांच्या दोन्ही अंगांची गावं त्याच आठवड्यात टोचायची. गावात कुत्री बहुतेक कुणाची ना कुणाची असतात, जाळी फारशी लागत नाही; पण ती सकाळी शेतावर जातात, म्हणून टेबल संध्याकाळी, देवळापुढे दिवा लागायच्या सुमाराला मांडायचं.